मोकळं टोक

रत्नागिरीतली निम्मी ऑफिसं मला छळतात. भिंतीवरचा तारांचा डबा उघडला की आत चिकटपट्टीवर काकांचं वळणदार अक्षर दिसतं: ‘हिशेब खोली’, ‘साहेब’, ‘गोदाम’. काकांनीच मला नेटवर्कचं काम शिकवलं. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, तरी डबा उघडताना हात कचरतो.

आंब्याच्या एका कारखान्याचं ऑफिस होतं. तारा काकांनी टाकलेल्या, कामही त्यांच्याच नावावर, रोजची देखभाल माझ्याकडे. दसऱ्याला तिथे संगणकांची पूजा व्हायची. काका असतानाच्या एका वर्षी सगळं बंद करून, पुसून मीच डब्याला झेंडूची माळ घातली. एक तार एका टोकाने डब्यात होती, दुसरं टोक लोंबत होतं. पूजेच्या दिवशी ते बरं दिसेना, म्हणून मी ते शेजारच्या रिकाम्या भोकात खोचून दिलं. नीटनेटकेपणाची हौस, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी सकाळी एकाही संगणकावर नेटवर्क चालेना. राउटर बंद करून पाहिला, उंदरांनी तार कुरतडली का ते पाहिलं. खाऱ्या हवेने दोन टोकं हिरवी पडलेली सापडली. मालक डोक्यावर उभे. मी म्हणालो, "काकांचं काम जुनं झालंय." त्यांनी तिथल्या तिथे काकांना फोन लावून माझं बोलणं ऐकवलं आणि सांगितलं, की पुन्हा येऊ नका.

दुपारी डबा नीट उघडायला मी माळ काढली. खाली, त्याच तारेवर, काकांची पट्टी होती: ‘तपासणीची तार. हे टोक मोकळे ठेवणे.’ एकाच तारेची दोन्ही टोकं एकाच डब्यात गेल्यामुळे संदेश आतल्या आत गरगरत राहिले होते. टोक उपसलं आणि सगळं सुरू झालं. मालकांना म्हणालो, "टोकं बदलली." पट्टी सोलून पिशवीत टाकली. मी भित्रा आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

ते काम गेल्यावर काका खचले. बाकीची कामंही त्यांनी हळूहळू सोडली.

परवा काकींनी घरचं वायफाय बघायला बोलावलं. फोटोतले काका माझ्या हातांकडेच बघत होते, निदान मला तरी तसं वाटलं. चहा देताना काकी म्हणाल्या, "मालकान काय ऐकून घेतलान नाय रे त्यांचं. हे आपले रोज म्हणायचे, माझ्या तारेत दोष नव्हता."

आता सांगावं म्हणून मी तोंड उघडलं.

"मीच समजूत घातली त्यांची," काकी म्हणाल्या. "म्हटलं, तुमच्या हाताखाली शिकलेला पोर तो, खोटं कशाला बोलेल? तेव्हा गप्प झाले. जायच्या आदल्या दिवशी म्हणाले, असेल, माझंच चुकलं असेल."

ती पट्टी अजूनही पायाशी, माझ्या पिशवीत होती. मी चहा प्यायलो आणि वायफाय सुरू करून दिलं.