यंदाही फूल आलं नाही

नानांचं पोस्टकार्ड धुळ्याला माझ्या हाती पडलं ते मी शिकवतो त्या शाळेची मधली सुट्टी संपता संपता. एक कोपरा फाडलेलं. असं कार्ड दिसलं की मजकूर वाचायच्या आधीच कळतं, कुणीतरी गेलं. नाना म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, भडगावच्या खालच्या अंगाला गिरणेकाठी असलेल्या आमच्या गावचे पोस्टमास्तर. लोकांची कोपरा फाडलेली कार्डं जन्मभर त्यांच्या हातून गेली, आणि हे एक त्यांनी स्वतः फाडलं होतं. 'तुझी अक्का काल सकाळी गेली. चहा पिऊन झाला होता.' एवढंच. मला रडू आलं आणि त्या चहावर हसूही आलं. चहा अर्धा टाकून उठणारी आमची अक्का नव्हेच.

आत्या खरी, पण गाव तिला अक्का म्हणे म्हणून मीही अक्काच म्हणत आलो. तिला मूलबाळ नव्हतं. हौस मात्र दहा लेकुरवाळ्यांना पुरून उरेल इतकी. पापडावर नक्षी, म्हशीच्या शिंगांना पोळा नसतानाही रंग... नाना म्हणत, "हिला देवाने दोनच हात दिले हे गावाचं नशीब." त्या हौसेतूनच पुढचं रामायण घडलं आणि ते गावाला चांगलंच भोवलं. आज मात्र ते आठवलं की मला आनंदच होतो.

मी तेव्हा जळगावला इंटर सायन्सला होतो. अक्का भुसावळला मावसबहिणीकडे गेली होती. शेजारच्या बंगल्याच्या हौदात तिला एक पाण्यावर तरंगणारं झाड दिसलं. फुगीर देठ, चकचकीत पानं आणि वर जांभळ्या फुलांचा तुरा, एका पाकळीवर मोराच्या पिसासारखा पिवळा डोळा. माळी म्हणाला, "न्या हो बाई, हवी तेवढी न्या." तो इतका उदार का झाला, हे तेव्हाच विचारायला हवं होतं. पण अक्काने तीन रोपं ओल्या फडक्यात गुंडाळली, पितळी डब्यात ठेवली आणि पाचोऱ्यापर्यंत गाडीत नि पुढे एसटीत तान्ह्या बाळासारखी मांडीवर आणली. अंगणातल्या तांब्याच्या घंगाळात ती सोडली. मी सुट्टीला गेलो तेव्हा मला हाताला धरून घंगाळापाशी नेलं.

"दख रे, कसं राजासारखं फूल शे! पानी सोडीसन काहीच मांगत नही."

मी नवा नवा वनस्पतिशास्त्र शिकणारा. मी त्याचं लॅटिन नाव घडाघडा म्हणून दाखवलं. अक्काने कौतुकाने नानांकडे पाहिलं, नानांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी कॉलर ताठ केली. नाव मला पाठ होतं, गुण मला ठाऊक नव्हता. पुस्तकात पुढच्याच पानावर तो लिहिलेला होता, पण परीक्षेला ते पान नव्हतं.

तिनाची तीस व्हायला महिना पुरला. अक्काने गल्लीत घरोघर रोपं वाटली, शेजारधर्म म्हणून! कुणाच्या घंगाळात, कुणाच्या फुटक्या रांजणात, जिकडेतिकडे जांभळे तुरे. श्रावणात कानबाई बसली. खानदेशात नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला नथ नि डोळे लावून ही देवी मांडतात, भाऊबंद जमून रोट खातात आणि सोमवारी तिला वाजतगाजत नदीवर नेतात. त्या वर्षी अक्काने चौरंगाभोवती परातींतून मुळांसकट रोपं मांडली. आख्खा गाव बघायला लोटला. दुसऱ्या दिवशी फुगड्या घालत बाया नदीवर गेल्या. देवीला वाहिलेलं वाटेत टाकू नये, पाण्यातच सोडावं, ही आमची रीत. त्याप्रमाणे बंधाऱ्यामागच्या डोहात अक्काने ती सगळी रोपं हात जोडून सोडली.

त्या साली पावसाने ओढ दिली, गिरणेला पूर आलाच नाही. होळीपर्यंत डोहाचा कोपरा हिरवा झाला आणि वैशाखात डोह दिसेनासाच झाला. म्हशी पाण्यात उतरेनात. धुण्याचे दगड शोधावे लागत. डासांनी तर गावाला फोडून काढलं. सगळ्यात मोठा फटका बसला तो नथ्थू भोयाला. डोहातली मासेमारी हेच त्याचं पोट, आणि आता जाळं टाकलं की वरच्या वर तरंगायचं. डोहात ते झाड कंबरभर उंच नि राठ वाढलं होतं, आपल्या अंगणातलंच ते, हे कुणाला ओळखू येईना. भरीस भर म्हणजे गावाने ठरवून टाकलं की ही ब्याद नथ्थूनेच आणली, मासे धरायला हिरवी सावली हवी म्हणून. शहाणपणाला तोटा नाही, म्हणतात ते हे. एका संध्याकाळी पारावर मंडळी बसली. नथ्थूचा डोहातला मासेमारीचा हक्क काढून घ्यायचा आणि दुसऱ्याला द्यायचा, असं घाटू लागलं.

मी सुट्टीत घरीच होतो. अक्का भाकरी थापत होती. नानांनी येऊन पारावरचं सांगितलं. तिचा हात थांबला. मी घाईघाईने म्हणालो, "अक्का, तू कशाला मधे पडतेस? कुणाला काही माहीत नाही." आज हे लिहिताना लाज वाटते, पण म्हणालो खरा. तिने तवा उतरवला, पिठाचे हात धुतलेसुद्धा नाहीत, डोक्यावर पदर घेतला आणि चालू लागली. बायका पाराखालून मान खाली घालून जात, तो काळ. अक्का पारासमोर जाऊन उभी राहिली.

"नथ्थूनं काही करेल नही. ते फूल मी आनेल शे, भुसावयहून. कानबाईसंगे मीच पानीमा सोडं. काय सजा देनी ती माले द्या."

नाना नि मी येऊन तिच्या मागे उभे राहिलो. आणि मग मागून, विहिरीकडून येणाऱ्या बायकांतून कुणीतरी म्हणालं, "अक्का, मना घर बी दोन रोपं व्हतात ना!" दुसरी म्हणाली, तिनेही सोडली. तिसरी म्हणाली, तिने तर नवस बोलून सोडली. पारावरच्या पंचांपैकी एकाच्याही घरचं घंगाळ सुटलं नव्हतं. आपलेच दात नि आपलेच ओठ, सजा देणार कोण कुणाला! पहिला हसला तो नथ्थूच, आणि खांद्यावरचं जाळं त्याने अक्कापुढे धरलं.

"अक्का, आते तुमीच जायं ओढा. मासा नही निंघना, ते फूल तरी निंघी!"

दुसऱ्या दिवसापासून सारा गाव डोहात. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत चिखल. नथ्थू होडग्यातून ढकलत आणी, बाप्ये दाताळ्यांनी ओढत, बाया पाट्या भरत. अक्का कासोटा घालून सगळ्यांच्या पुढे. आठवडाभर जत्राच होती म्हणा ना. वाळलेले ढीग शेतात नेऊन कुजवले. मला मात्र आता परीक्षेला नसलेलं पान वाचायची बुद्धी झाली. काठावर चहा पिताना मी अक्काला सांगितलं, की हे झाड मुळात ब्राझीलकडचं. तिथून ते अमेरिकेत गेलं, आफ्रिकेतल्या नद्यांत गेलं, जावा बेटात गेलं, बंगालात तर नावा अडवून बसलं. आणि बहुतेक ठिकाणी ते कुणीतरी हौसेनेच नेलं, फूल सुंदर म्हणून. मला वाटलं, ती हळहळेल. तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू!

"म्हंजे बठ्ठी दुनियाले फूल दखीसनच भूल पडनी! मी एकलीच येडी नही शे!"

काही मुळं राहिली ती राहिलीच, पुन्हा फुटू लागली. मग त्या पावसाळ्यात गिरणा दोन्ही थड्या भरून आली आणि डोह धुऊन निघाला. गावाने पेढे वाटले. अक्का तेवढी काठावर उभी राहून खालच्या अंगाला बघत होती. "आपलं गयं, पन कोना घाटवर गयं?"

त्या रात्री जेवली नाही. सकाळी नानांसमोर कार्डांची चवड ठेवून बसली. तिला लिहिता येत नसे, ती सांगे आणि नाना लिहीत. गिरणेकाठी जिथे जिथे सोयरे होते तिथे, आणि गिरणा तापीला मिळते तिथून पुढे धुळे जिल्ह्यात तापीकाठी कुणीच ओळखीचं नव्हतं तिथेही! "पत्त्यावर नाव लागतं," नाना म्हणाले. "घाटवर धुनं धोवनारी बाईले, आसं लिखा," अक्का म्हणाली. पोस्टमास्तरांनी उभ्या नोकरीत एवढा एकच नियम मोडला. मजकूर एकच, पाण्यावर जांभळं फूल दिसलं तर घरात नेऊ नका, उपटून वाळवा, चूक माझी आहे.

बहुतेक कार्डांची उत्तरं आली नाहीत. शिरपूरकडच्या एका गावातल्या बाईचं मात्र आलं, तिच्या शाळेतल्या लेकीच्या अक्षरात. फूल दिसलं नाही, पण तुम्ही कोण? अक्काने कळवलं. मग दर वर्षी पूर ओसरला की तिकडून कार्ड येऊ लागलं, 'यंदाही फूल आलं नाही', आणि खाली दोन ओळी, कुणाचं लग्न ठरलं, कुणाला नातू झाला. बारा वर्षांत त्या दोघी एकमेकींना भेटल्या नाहीत. मी एकदा म्हणालो, चल, घेऊन जातो. तर म्हणाली, भेटलो तर मग लिहायचं काय?

परवा भाद्रपदात गावी गेलो. घंगाळ अंगणात पालथं होतं. नाना टपालाची पिशवी सोडत होते, त्यातून शिरपूरकडचं कार्ड निघालं. लेकीचं अक्षर आता बाईमाणसाचं झालंय. 'अक्का, पूर उना नि गया. यंदा बी फूल नही उनं. तुमी कश्या शेतस?' नानांनी ते दोनदा वाचलं, मग कोरं कार्ड माझ्यापुढे सरकवलं. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. अक्का गेल्या, चहा पिऊन झाल्यावर गेल्या, त्रास झाला नाही. पुराचं मात्र कळवत राहा. रीतीप्रमाणे मी कार्डाचा कोपरा चिमटीत धरला, तशी नानांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"फाडू नकोस," ते म्हणाले. "फूल आलं नाही ना, मग हे सुखाचं पत्र आहे." आणि त्यांनी शिक्का उचलला.