मोठीमायच्या माहेरचं घर

मोठीमायला काहीही सांगितलं की तिचा पहिला शब्द ठरलेला, "काऊन?" म्हणजे का? जावई आला म्हटलं तरी काऊन, जेवण झालं म्हटलं तरी काऊन. ती माझ्या वडिलांची थोरली वहिनी. सारं आयुष्य आमगावात आमच्या घरी गेलं, पण गोष्टी कायम माहेरच्या.

तिच्या माहेरच्या खेड्यातला एक पोरगा पुढे देशाचा मोठा पुढारी झाला. "आमच्या बाजूलेच त्याहीचं घर. माही माय त्याले पेज पाजे," असं ती सांगायची. कधी ते घर विहिरीच्या अलीकडे असे, कधी पलीकडे. आम्ही हसलो की रागवायची.

पुढाऱ्याच्या घराचं स्मारक झालं तेव्हा मी तिला तिकडे घेऊन गेलो. तिचा भाऊ वारल्यापासून ती त्या गावी गेलीच नव्हती. फाटकातून शिरलो तर सगळीकडे फरशी आणि हिरवळ. विहीर बुजवलेली. मोठीमाय दाराशी थबकली, भिंतीवरून हात फिरवत आत गेली आणि मागच्या खोलीतल्या कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "बाबू, हे त आमचं घर. माही माय इथंच झोपे."

रखवालदार चपापला. "नहीं आजी, हे साहेबांचंच घर आहे. बोर्ड लगा है ना."

"काऊन? बोर्ड लावला म्हणजे झालं का जी?"

मी पुरता गोंधळलो. अलीकडे ती नावं विसरत होती, हे खरं. पण त्या कोपऱ्यात खरंच कोनाडा होता, आणि माहेरच्या घरातला तसाच कोनाडा तिने मला वाटेतच सांगितला होता. तसे कोनाडे तर तिकडच्या घरोघरी असतात. विचारावं तर तिच्या वयाचं गावात कुणी उरलं नव्हतं.

तेवढ्यात ती वाकली आणि तिने जमिनीला कपाळ टेकवलं. नेमका वर पुढाऱ्याचा फोटो. मागून आलेल्या लोकांनीही हात जोडले. एका बाईने तर मोठीमायच्या भक्तीचं कौतुक केलं.

परतताना गाडीत तिने कपाळाची धूळ पदराने पुसली. मग म्हणाली, "आता मलेच समजून नाही राहिलं, घर आमचं का त्याहीचं."

"मग पाया कायले पडली?"

"माय गेली तवा मी सासरी होती. मले कोणी बलावलंच नाही. कुठंतरी पाया पडाचं होतं ना बाप्पा."

त्या वर्षी धानाच्या रोवण्या, म्हणजे भातलावणी, लागायच्या आत मोठीमाय गेली.

परवा मुलीला ते स्मारक दाखवायला नेलं. तिने विचारलं, "बाबा, हे घर कोणाचं?" मी म्हणालो, "साहेबांचं." लगेच वाटलं, खोटं बोललो. मोठीमायचं म्हटलं असतं, तरीही तसंच वाटलं असतं.