गालानं ताप बघणारा उस्ताद

उस्तादच्या उजव्या गालावर दाढी नव्हती. डाव्या गालावर चांगली भरघोस, मेंदी लावलेली, आणि उजव्या गालावर घासून गुळगुळीत झालेला रुपयाएवढा चट्टा. लोहाऱ्यात नवीन आलेला माणूस विचारायचा, काही भाजलं-बिजलं होतं का? तसं काही नव्हतं. चाळीस-बेचाळीस वर्षं त्या गालाला त्यानं रेडिओ लावले, घड्याळं लावली, पंख्याच्या मोटारी लावल्या आणि शेवटी शेवटी मोबाईल लावले. वस्तू उघडायच्या आधी ती गालाला टेकवायची, डोळे मिटायचे आणि आई लेकराचा ताप बघते तसं गप बसायचं. मग म्हणायचा, "हौ, बुखार हाय." नाहीतर म्हणायचा, "याला काय न्हाय झालं. मालकाला काय झालंय ते सांगा."

मी चौथी नापास माणूस. शेळ्या राखण्यात जन्म गेला. लिहिणं माझं काम नाही हे मला कुणी सांगायची गरज नाही. पण उस्तादवर मी नाही लिहायचं तर कुणी लिहायचं? धाराशिवच्या मोबाईलच्या काचेच्या दुकानातल्या त्या गळपट्टेवाल्यांनी? त्यांना स्क्रू पिळायचा पेचकस कुठल्या अंगानं धरतात ते तरी ठाऊक आहे का?

उस्तादचं दुकान एसटी स्टँडच्या मागं, पत्र्याचं. आत दीड माणूस मावेल एवढी जागा, आणि बाहेर गिऱ्हाइकाला बसायला पोतं टाकलेली एक फळी. त्या फळीवर बसावंच लागायचं. वस्तू ठेवून जातो, उद्या नेतो, असं म्हणलेलं त्याला चालायचं नाही. मालक समोर नसला तर तो स्क्रूला हात लावायचा नाही. तहसीलमधला एक साहेब एकदा चिडून म्हणाला, "मला काय तेवढंच काम आहे का?" उस्ताद म्हणाला, "साहेब, दवाखान्यात आपरेशनला घरचं मानूस बसवून घेतात का न्हाय? मग बसा." साहेब बसला. दीड तास बसला. जाताना उस्तादनं त्याला बशीत अर्धा चहा पाजला.

स्क्रू ठेवायला त्याच्याकडं वाट्या होत्या. दर गिऱ्हाइकाची वाटी वेगळी. एकाचा स्क्रू दुसऱ्याच्या वस्तूत गेला तर ती वस्तू मनातून उतरते, असं तो म्हणायचा. शुक्रवारी नमाजला जाताना दुकान उघडंच टाकायचा, फक्त उंबऱ्यावर झाडू आडवा ठेवायचा. आत दहा लोकांच्या वस्तू असायच्या. त्या झाडूवरून कुणी पाय टाकला असं मी तरी ऐकलं नाही.

आमची ओळख रेडिओवरून झाली. मी तेव्हा जवान होतो, शेळ्यांमागं जाताना रेडिओ खांद्याला अडकवायचो. एकदा तो घोगरा झाला आणि मग बसलाच. मी घेऊन गेलो. उस्तादनं गालाला लावला, डोळे मिटले, उघडले आणि म्हणाला, "तात्या, ह्यो पावसात भिजलाय."

भिजला होता. मी बाभळीखाली झोपलो होतो आणि रेडिओ उघड्यावर राहिला होता. पण फळीवर आणखी दोघं बसलेले. माझ्या गाफीलपणाची पंचाईत त्यांच्यासमोर कशाला?

मी म्हणलं, "न्हाय. कोरडाच हाय."

रेडिओच्या आतून त्यानं चमचाभर पाणी वाटीत ओतलं. माझ्याकडं बघितलं, वाटीकडं बघितलं आणि म्हणाला, "हौ. मग घाम आला असंल त्याला."

एवढंच. पुढं त्यानं तीन दिवस तो रेडिओ दुकानाच्या पत्र्यावर उन्हात वाळवला, आणि तीनही दिवस मला समोर बसवलं. पुढं तोच रेडिओ मी चाळीस वर्षं वापरला.

आता त्या फोनकडं येतो. आठवलं तरी तोंड कडू होतं.

पोरगं पुण्याला कंपनीत आहे. त्यानं मागच्या उन्हाळ्यात नवा मोठा फोन पाठवला. माझा जुना बटणाचा फोन आठ-आठ दिवस चालायचा, खडकावर पडला तरी वाजायचा. पण पोराचं म्हणणं, "आबा, ह्याच्यात नात दिसंल तुम्हाला." नात दिसणार म्हणून मी हो म्हणलं. नात दिसली, खोटं कशाला बोलू. पण दोन मिनिटं. ती गाणं म्हणायला तोंड उघडायची, आणि फोन काळा. हातात धरावं तर तव्यावरून काढलेल्या भाकरीसारखा गरम. भाकरी निदान खाता तरी येते. सकाळी पोट भरून चार्ज केलेला फोन दुपारच्या जेवणाला मेलेला. माणसं ह्या असल्या वस्तूला मान वाकवून दिवसभर बघत बसतात, पारावर दहा जण असले तरी एक शब्द नाही, ह्याची मला आधीच शिसारी होती. त्यात आलेला फोन असला. उघडला की कुणाकुणाची फुलांची तबकं आणि शुभ सकाळ. मेलेल्या माणसाच्या अंगावर टाकतात तेवढी फुलं रोज.

पोरगं म्हणालं होतं, "आबा, जपा, काच लगेच फुटती." म्हातारड्यानं आठ दिवसांत फोडला, असं कुणी म्हणायला नको. म्हणून मी घरच्या मंडळीला सांगून त्याला पिशवी शिवून घेतली. जुनं लुगडं, जुनं धोतर, चार पदर, गोधडीसारखे बारीक टाके, वर झाकण, गळ्यात घालायला नाडी. ती पिशवी मी बंडीच्या आत घालायचो, छातीला लावून. मंडळी म्हणाली, "आवं, उन्हाळ्याचं तुमीच अंगावर कापड ठेवत न्हाय, त्याला का गोधडी?" मी म्हणलं, "तुला फोनमधलं काय कळतंय?" मला तरी काय कळत होतं.

बाजारच्या दिवशी उस्तादकडं गेलो. फळीवर गर्दी होती. मी बंडीत हात घातला, पिशवी काढली, नाडी सोडली, झाकण उघडलं. आतून उजेड आला. भर दुपारी. फोनच्या पाठीमागचा दिवा लागलेला होता. कधी लागला, किती दिवस लागलेला होता, देव जाणे. चार पदरी गोधडीत कुणाला दिसणार?

फळीवरचे सगळे हसले. एक जण म्हणाला, "तात्या, आत कुनाला शोधाय लागलाव बॅटरी घेऊन?" दुसरा म्हणाला, "पिल्लू अंधारात भ्याल म्हणून लावलाय."

उस्तादनं फोन घेतला. चटका बसला तसा एकदा लांब धरला, मग गालाला लावला. डोळे मिटले. मग ती पिशवी हातात घेऊन आत-बाहेर बघितली, टाक्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "तात्या, ह्याची अढी घातलाव का?"

आंब्याची अढी आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक. कच्चे आंबे गवतात घालून वर पोतं झाकायचं, आत ऊब धरते, आंबा पिकतो. मी स्वतः पन्नास अढ्या घातल्या असतील. उस्ताद बोलला ते खरंच होतं. पण पुन्हा हसू फुटलं आणि माझं टाळकं सरकलं. मी फोन हिसकावला, पिशवी हिसकावली आणि म्हणलं, "न्हाय जमत तर न्हाय म्हणावं. लोकांपुढं मानसाचं हसं करू न्हाय."

"तात्या, बसा की. उघडा ठिवा त्याला, एवढंच म्हणायलोय..."

मी बसलो नाही. मागं वळूनही बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी धाराशिवला गेलो. मोठं काचेचं दुकान. आत एवढा गारवा की माझ्यासारख्याला हुडहुडी भरावी. गळपट्टा बांधलेला एक जण फोनकडं बघायच्या आधी माझ्या पायतानाकडं बघत होता. "आजोबा, अपडेट मारावं लागेल. ठेवून जा." मी म्हणलं, "मी समोर बसतो." तो म्हणाला, "बसायची पद्धत नाही इथं." पद्धत नाही! आठ दिवसांनी परत गेलो. फोन दिला, कागद दिला, माझा अंगठा धरून शाईत बुडवला आणि कागदावर उमटवला. सहीसुद्धा मला येते हे त्याला वाटलंच नाही. फोन तिथं गारेगार होता. मी गोधडीत घातला, बंडीत ठेवला, एसटीत बसलो. लोहारा येईपर्यंत छाती भाजायला लागली.

तीन महिने मी स्टँडच्या मागून गेलो नाही. बाजाराला जायचं तर तहसीलच्या बाजूनं वळसा घालायचा. पाय दुखायचे, पण घालायचा.

मग एक दिवस मंडळीनं ती पिशवी धुवायला घेतली. घामानं तिला शेळीच्या कातड्यासारखा वास मारत होता. पावसाळी हवा, दोन दिवस वाळली नाही. दोन दिवस फोन भिंतीतल्या देवळीत उघडा पडला. आणि दोन दिवस तो मेला नाही, तापला नाही. नातीचं गाणं पहिल्यांदा शेवटच्या ओळीपर्यंत ऐकलं. मंडळी चुलीपाशी बसून माझ्याकडं बघत होती.

आणि मी काय केलं? सांगायची लाज वाटते, पण सांगतो. घरात फोन उघडा ठेवायला लागलो, आणि गावात जाताना पुन्हा पिशवीत घालायला लागलो. का, तर उस्तादचं ऐकलं असं कुणी म्हणू नये म्हणून. फोनची शिसारी मला होतीच. त्या दिवसांत स्वतःचीही यायला लागली.

पुढं चहावाल्यानं मला हटकलं. स्टँडवरच त्याची चहाची हातगाडी, त्या दिवशीचं सगळं त्यानं बघितलेलं. म्हणाला, "तात्या, तुमी गेल्यावर उस्ताद फळीवरल्या लोकांवर कसला भडकला ठाऊक हाय का? म्हणला, ज्या मानसानं चाळीस वर्षं एक रेडिओ सांभाळला त्याला हसताव? तुमी चाळीस महिने बायको नीट सांभाळली न्हाय. सगळ्यांना उठवलं फळीवरून. त्या दिवशी पुन्हा कुनाचं कामच घेतलं न्हाय."

मी चहा तसाच ठेवला.

"आन् आता तर दुकान बी मोडलं त्यानं," चहावाला म्हणाला. "डोळ्यांनी दिसंना. पोरीकडं चाललाय कलबुर्गीला. परवाच्या सकाळच्या गाडीनं."

त्या दिवशी सकाळी गाडीच्या वेळेला मी स्टँडवर गेलो. पिशवी घरी ठेवली होती. फोन उघडा, हातात. बोलायचं ते वाटेनं दहादा म्हणून बघितलं होतं, उस्ताद, तुमी म्हणलाव तेच खरं, म्याच चुकलो. एवढं सोपं.

उस्ताद गाडीत खिडकीशी बसलेला. मांडीवर हत्यारांची पेटी. चेहऱ्यावरून त्यानं मला ओळखलं नाही, जवळ गेल्यावर खोकल्यावरून ओळखलं. "तात्या का? या की." जसा काही मी काल येऊन गेलो होतो.

मी खिडकीतून फोन पुढं केला. त्यानं तो उजव्या गालाला लावला. डोळे मिटले. गाडीत माणसं चढत होती, कंडक्टर ओरडत होता, आणि उस्ताद गप. मग हसला.

"थंड हाय. एकदम थंड. कशानं उतरला बुखार?"

आता बोलायचं होतं. तोंड उघडलं. शेजारच्या बाकावरची बाई बघत होती, मागं तहसीलमधला एक शिपाई उभा होता. मी म्हणलं, "आपोआपच उतरला."

उस्तादनं फोन परत दिला. त्याआधी त्यानं शेजारच्या बाईकडून त्यावरून आपल्या फोनवर एक मिसकॉल मारून घेतला, नंबर राहू द्या म्हणाला. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाला, "हौ. घाम येऊन गेला असंल."

गाडी हलली. मी फोनच्या काचेकडं बघितलं तर तिच्यावर हनुवटीचा एक मेंदीचा केस चिकटला होता.

दिवाळीच्या अलीकडं अनोळखी नंबर वाजला. उस्तादची मुलगी कलबुर्गीहून बोलत होती. पाच दिवसांपूर्वी अब्बा गेले, म्हणाली. शेवटपर्यंत वस्तू गालाला लावून बघायचे. नातवंडांची खेळणीसुद्धा. "तात्याचा फोन कसा हाय, विचारा एकदा, म्हणायचे." ती बराच वेळ बोलली. नातीच्या गाण्यात दोन मिनिटांत मरणारा तो हरामी फोन त्या दिवशी मेला नाही, तापला नाही, सगळं शेवटपर्यंत ऐकवलं.

ती पिशवी मी शेळीच्या पिल्लाच्या अंगाखाली टाकली आहे. उस्ताद, समोर बोलणं मला जमलं नाही, म्हणून इथं लिहितो. गोधडीत फोन म्याच घातला होता. दिवा माझ्याच हातून लागला होता. आणि तो रेडिओ, तो पावसातच भिजला होता.