कायमचे राहणारे

फाळणीनंतर कल्याणची वस्ती झपाट्याने वाढली. निर्वासितांच्या छावणीत न मावलेली काही सिंधी कुटुंबे ठाकुर्लीला, आमच्या गल्लीत राहायला आली. गल्लीत विहीर एकच, तीही एका आगरी म्हाताऱ्याची. होळीनंतर तिचा तळ दिसू लागे. म्हणून आम्ही सार्वजनिक नळ मागितला.

पाहणीला एक कारकून आला. कायम राहणारी घरे पुरेशी असतील तरच नळ, असा नियम होता. मी शाळामास्तर, म्हणून त्याच्याबरोबर दारोदार फिरलो. "तुम्ही इथे कायमचे का?" एवढा सोपा प्रश्न, पण सरळ उत्तर कोणी देईना. मला काही उलगडेना.

एक सिंधी बाई म्हणाली, "नहीं जी, हालात सुधरेंगे तो लौट जाएँगे." हे समजण्यासारखे होते. पण वीस वर्षे वीजघरात नोकरी करणारा शेजारीही ठसक्यात म्हणाला, "छे हो! आमचं घर राजापूरला. इथं आपलं नोकरीपुरतं."

विहिरीचा मालक खो खो हसला. "सगलंच पावनं! मंग नल काय माज्या म्हशींना?"

"गुरुजी, तुम्ही तरी?" कारकुनाने विचारले.

"आमचं मूळ घर संगमेश्वराकडे…" मी सुरुवात केली आणि थांबलो. जो जिथे राहतो तो तिथला रहिवासी, असे मी वर्गात शिकवीत असे. मग मी कुठला?

"वस्ती तात्पुरती दिसते. नळ मिळायचा नाही," म्हणत कारकून वळला.

रिकामी घागर घेऊन उभी असलेली ती सिंधी बाई मला हळूच म्हणाली, "मास्टरजी, हमेशा के लिए बोलूँ, तो उधर का घर मैंने छोड़ दिया, ऐसा होगा?"

मला खरोखरच ठाऊक नव्हते. तसे सांगितले. नळ येईल, एवढेच पुढे जोडले.

तिने घागर खाली ठेवली. मग निघालेल्या कारकुनाला म्हणाली, "लिखो. हमेशा."

शेजारी जमिनीकडे पाहत पुटपुटला, "आमचंही लिहा." त्याच्यामागून मी.

शिफारस करतो म्हणून कारकून गेला, आणि पुढे नळ आलाही. पण त्या दुपारी भात वाढता वाढता पत्नी म्हणाली, "कायमचे म्हणून सांगून आलात ना? मग यंदा गणपती कुठं आणायचा, इथं की गावी?"

मी कोरडाच भात कालवीत राहिलो. तिने वर वरण वाढले.