हनुवटीखालचं मांस

लोणावळ्यात माझं चिक्कीचं दुकान. हनुवटी दुहेरी झाल्यापासून गिऱ्हाइकं टोमणे मारत, "शेठ, गळा सुटलाय, भाव उतरवा." चिडून मी हनुवटीखालचं ते मांस कापून घ्यायला पुण्याला निघालो.

गाडीत समोर एक भाताचे व्यापारी होते. हनुवटीखाली आडवा वण. त्यांनी तेच ऑपरेशन करून घेतलं होतं. बोलताना हात गळ्याशी जाई आणि काही न सापडल्यासारखा परत येई.

"आधी सूज, मग काळंनिळं. कातडी अजून बधिर, दाढी करताना वस्तरा कळत नाही."

"पण गळा?"

"झकास उतरला," ते हसले. "आता शेतकरी म्हणतात, शेठ, लय वाळला की, धंदा बसला व्हय? उधार भात देईनात."

मी डॉक्टरकडे न जाताच परतलो. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकानं गळ्याकडे बोट दाखवलं. मी हनुवटी आत ओढून गळा आणखी फुगवला आणि भाव तोच सांगितला.