नऊ पौंडांची गावठी टर्की

“ह्या डिसेंबरात मला घरी धाडा. आन् परत काय मी यायची न्हाई.”

ऑक्टोबरातल्या एका सकाळी चहा पिता पिता सासूबाईंनी जाहीर केलं. सहा महिन्यांसाठी आलेल्या, दोन महिन्यांतच कंटाळल्या. माझा नवरा समीर लॅपटॉप उघडून बसला. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, “कशालाच चव न्हाई हितं. ती कोंबडी तर कापसागत लागती.” खरं सांगते, आधी मला हायसं वाटलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली. कराडजवळच्या गावात या बाईने चाळीस वर्षं कोंबड्या पाळल्या. इथे अमेरिकेत, ॲन आर्बरमधल्या आमच्या घरात पाळायला होता एक मनीप्लांट.

नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगला, म्हणजे इथल्या टर्की खायच्या सणाला, दहा माणसं जेवायला बोलावली होती. ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, दुकानातली टर्की आणू नकोस, शेतावरून हेरिटेज टर्की आण. तुम्हीही आणणार असाल तर ऐका: नोंदणी मार्चमध्ये सुरू होते आणि उन्हाळ्यात संपते. मी फोन केला ऑक्टोबर संपताना, म्हणजे वरातीमागून घोडं. नशिबाने कुणीतरी चौदा पौंडांची ऑर्डर कॅन्सल केली होती, ती मला मिळाली. दर पौंडाला अकरा डॉलर. हा आकडा सासूबाईंपासून लपवला.

आदल्या दिवशी, बुधवारी, सकाळी निघालो. मी, सासूबाई आणि आमची बारा वर्षांची मीरा. समीरला मीटिंग होती, त्याला नेहमीच असते. आय-९४ हायवेवरून पश्चिमेला चाळीस मिनिटं, मग उजवीकडे वळून तीन मैल कच्चा रस्ता. जुने बूट घाला आणि बर्फ भरलेला कूलर न्या. पैसे रोख किंवा चेकने द्यायचे, कार्ड चालत नाही.

वाटेत मीराने विचारलं, “व्हॉट्स हेरिटेज इन मराठी?”

“वारसा,” मी म्हटलं.

मागून सासूबाई म्हणाल्या, “कोंबडीला कसला वारसा? सातबारा हाय का तिच्या नावावर?”

मग मी नीट सांगितलं. जुन्या जातीचे पक्षी. कुरणात चरतात, उडतात, झाडावर जाऊन बसतात, सावकाश वाढतात. दुकानातल्या टर्कीला तिच्या छातीच्या वजनाने धड चालताही येत नाही.

“मग गावठी म्हन की!” सासूबाई म्हणाल्या आणि सीटवर सरळ होऊन बसल्या.

आपल्याकडे गंमतच आहे. माणसाला गावठी म्हटलं की अपमान, कोंबडीला म्हटलं की कौतुक. पुण्याच्या कॉलेजात मला हा शब्द ऐकवला गेला होता, तो अजून टोचतो. आणि त्याच गावठीपणासाठी आज मी चार-पाच पट पैसे मोजायला निघाले होते.

शेत बघून मात्र मी थक्क झाले. गवतावर दव गोठलेलं आणि त्यावर पुढच्या वर्षासाठी राखलेल्या तीसेक टर्की फिरत होत्या. विटकरी लाल अंग, शेपटीत पांढरी पिसं. नर पिसारा फुलवून असे चालत होते, जणू गावचे पाटीलच. सासूबाई कुंपणाशी गेल्या, पदर खोचला आणि कोंबड्यांना दाणे टाकताना देतात तशी हाळी दिली. सगळे नर एका दमात ओरडून उत्तरले. त्यांनी पुन्हा हाळी दिली, पुन्हा उत्तर आलं. मीरा हसून हसून खाली बसली. इथे आल्यापासून सासूबाईंना असं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

शेताची मालकीण लिंडा, साठीची, रबरी बुटांतली. तिने साफ केलेली टर्की आणून दिली आणि तोंड पाडून म्हणाली, “चौदाची म्हणाले होते, ही नऊ पौंडांचीच भरली. या आपल्या मनाने वाढतात.” माणसं दहा आणि टर्की एवढीशी!

सासूबाईंनी पिशवीवरूनच छातीच्या हाडाचं टोक दाबलं. ते वाकलं. “तलंग हाय,” त्या म्हणाल्या. म्हणजे अजून अंड्यावर न आलेली, कोवळी. “चवीला हीच ब्येस. मानसं वाढली की रस्सा वाढवायचा, त्यात काय!”

लिंडाने विचारलं, काय म्हणतायत? मीरा म्हणाली, “शी सेज इट्स गावठी. फ्रॉम द व्हिलेज. लाइक आजी.” लिंडाने सासूबाईंचा हात दोन्ही हातांत घेतला. मग तिने बजावलं की तंगड्या भाजू नका, वेगळ्या काढून मंद आचेवर शिजवा. मी भाषांतर केल्यावर सासूबाई म्हणाल्या, “शानी हाय बाई.”

परतताना सायडर मिलवर, म्हणजे सफरचंदाचा रस काढतात तिथे, थांबलो. गरम सायडर आणि साखरेत घोळलेले डोनट, तिघींचे मिळून पंधरा डॉलर. जरूर थांबा.

गुरुवारी छातीचा भाग ओव्हनमध्ये भाजला. तंगड्या, पंख आणि मान सासूबाईंच्या पातेल्यात, सुकं खोबरं आणि त्यांच्या कांदा-लसूण मसाल्यात दोन तास रटरटली. शेजारच्यांनी रस्सा कॉफीच्या मगमधून प्यायला, नाक पुसत पुसत, आणि पुन्हा मागितला. सासूबाई सगळ्यांत शेवटी जेवल्या, आणि पोटभर जेवल्या.

तरी डिसेंबरात त्या गेल्याच. विमानतळावर त्यांना सोडून घरी आलो तर मसाल्याची बरणी तशीच ठेवून गेलेल्या. मला वाटलं नव्हतं, पण घर मोठं वाटायला लागलं.

परवा सकाळी कराडहून फोन आला. खुशाली नाही, हवापाणी नाही, थेट मुद्दा.

“मार्च लागला. लिंडाबाईला सांगितलंस का?”

“सांगते आज. एक ना?”

“दोन सांग,” त्या म्हणाल्या. “एकीत रस्सा लई पातळ झाला हुता. मी आल्याव बगते.”