कुंदाची घडीची खुर्ची

फोन दुपारी आला. घाटकोपरच्या आमच्या बँकेत जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती, काउंटरपुढे माणसं ताटकळत होती, आणि शिपाई हाक मारत आला, "मॅडम, तुमचा फोन. साहेबांच्या केबिनमध्ये." पलीकडे कुंदाचा धाकटा भाऊ दिलीप होता. "नीलाताई, ताई गेली..." एवढंच म्हणाला. मी काउंटरवर परत आले, समोरच्या आजोबांचं काम पुरं केलं, आणि मग ड्रॉवरला कुलूप लावून निघाले. कुंदा परब असती तर तिनेही तसंच केलं असतं. आधी हातातलं काम, मग रडणं.

कावीळ झाली म्हणून तिला मुलुंडच्या इस्पितळात ठेवलं होतं. दोनच दिवसांपूर्वी मी भेटून आले होते. डोळे पिवळेजर्द, हातापायांच्या काड्या, उशाशी आईने आणलेला उसाचा रस तसाच झाकून ठेवलेला. मला बघितल्यावर कशी आहेस, बस, असलं काही नाही. म्हणाली, "रविवारी निवड आहे. खुर्ची बाहेर काढा. मी नाही म्हणून पटकन उरकून टाकाल तुम्ही, ओळखते मी तुला."

"आधी बरी तर हो गं बाई."

"मी होईन बरी. तू खुर्ची काढ."

हे आमचं शेवटचं बोलणं. पस्तिशीही न गाठलेल्या मैत्रिणीचा शेवटचा शब्द खुर्चीबद्दल असावा, याचं लोकांना नवल वाटतं. ज्यांनी तिला पाहिलंय त्यांना वाटणार नाही. या पुरवणीच्या वाचकांपैकी काहींना ती आठवत असेल ती एका जुन्या, वाईट बातमीमुळे. ती बातमी अर्धी होती. उरलेली अर्धी सांगायला म्हणून हे लिहायला घेतलं आहे.

कुंदा भांडुपची. वडील गिरणीत, घर चाळीतलं, मूळ गाव मालवणकडचं. मी मुलुंडची, नोकरदार घरातली, आणि आमची गाठ पडली ती मैदानावर. मी थाळी फेकायचे, तीही अशी की जवळ उभ्या असलेल्यांनी सावध राहावं. ती आठशे मीटर धावायची. पहाटे ती मैदानाला फेऱ्या मारायची तेव्हा दूधवालेही सायकल थांबवून बघत. तिच्या आईला मात्र हे प्रकरण कधी कळलं नाही. "धावतंस कित्याक गे? कोण पाठी लागलो हा तुझ्या?" असं त्या विचारत, आणि विचारता विचारता तिच्यासाठी नाचणीची भाकरी बांधून देत. आमचे धारप सर तेव्हा मैदानावर सगळ्यांना शिकवायचे. पोटच्या पोरीसारखं बघायचे आम्हाला. कुणाला ताप आला, पाय मुरगळला, की सरांच्या पिशवीतून काहीतरी निघायचंच. सर देतील ते घ्यायचं. हे काय आहे, असं मोठ्या माणसाला विचारणं म्हणजे उद्धटपणा, हे आमच्या सगळ्यांच्या घरात लहानपणापासून ठोकून बसवलेलं.

याच वळणाने घात केला. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं आणि कुंदाची परदेशातल्या एका मोठ्या स्पर्धेसाठी निवड झाली. धारप सर संघाचे व्यवस्थापक म्हणून बरोबर गेले. तिकडची थंडी हिला बाधली, नाक वाहायला लागलं, घसा धरला. सरांनी पिशवीतली बाटली काढून दोन चमचे औषध पाजलं. ही धावली, तिसरी आली, पदक मिळालं. आणि मग तपासणीत त्या औषधातलं काहीतरी सापडलं, जे घ्यायला खेळाडूंना बंदी होती.

विमानतळावर आम्ही चाळीतल्या माणसांसकट हार घेऊन उभे होतो. चाळीच्या गणेशोत्सव मंडळाने ढोलकी आणली होती. कुंदा बाहेर आली ती मान खाली घालून, आणि तिच्या मागून येणारे संघटनेचे पदाधिकारी दुसऱ्याच बाजूने गाडीत बसून निघून गेले. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी... पदक काढून घेतलं, दोन वर्षांची बंदी. परदेशातल्या त्या खेळाच्या मोठ्या संस्थेने शिक्षा ठरवली आणि आमच्या इथल्या संघटनेने मान डोलावली. पदक मिळालं त्या संध्याकाळी ती 'आमची मुलगी' होती. आठवडा उलटायच्या आत 'सदर खेळाडू' झाली.

ती रडली नाही, मीच रडले. ती खाटेवर पाय मुडपून बसली होती, एकच विचारत होती, "पण मला कुणी विचारलं का? तूच सांग ना यार, मला विचारलं का कुणी?" नंतरची सगळी वर्षं ती या एकाच प्रश्नापाठी धावली. बंदी उठवा, असं तिने कुणाच्या पाया पडून म्हटलं नाही. माझ्याबद्दल जे ठरवायचं ते मला समोर बसवून ठरवा, आणि ज्याने औषध दिलं त्यालाही समोर बसवा, एवढंच तिचं मागणं होतं.

संघटनेची सभा अंधेरीला एका हॉलच्या वरच्या खोलीत भरायची. पहिल्यांदा आम्ही दोघी गेलो तेव्हा चिटणीस दारातच आडवे आले. गोड बोलणारा माणूस. "अहो, तुम्हाला आत घ्यायला माझी काय ना आहे? पण खुर्च्या बघा ना, सभासदांपुरत्याच आहेत. बसणार कुठे तुम्ही?" टोलवाटोलवी करणारा माणूस नेहमी असलंच काहीतरी फडतूस कारण पुढे करतो, कारण त्याला ठाऊक असतं की समोरचा ते खोडायच्याही फंदात पडणार नाही. कुंदाने त्यांच्या खांद्यावरून आत नजर टाकली. "खुर्चीचाच प्रश्न आहे ना?" म्हणाली आणि जिना उतरली.

पुढच्या सभेला ती चाळीच्या मंडळाची पत्र्याची घडीची खुर्ची खांद्याला अडकवून निघाली. पाठीवर लाल रंगात मंडळाचं नाव, एका पायाला गंज. मी तिला म्हटलं, "अगं, लोक हसतील." "हसू दे." बसमध्ये कंडक्टरने वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बाई, आमच्या गाडीत सीटा आहेत ना."

"तुमच्यात आहेत हो. अंधेरीला संपल्यात."

हॉलमध्ये शिरून तिने टेबलाच्या टोकाला खुर्ची उघडली. त्या खुर्चीचा आवाज अजून माझ्या कानात आहे, खटॅक्. ती बसली, हात मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "आता बोला." चिटणिसांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांनी घाईघाईने सभा तहकूब केली. पुढल्या खेपेला पुन्हा तेच, खुर्ची उघडली की सभा तहकूब. असं कित्येक महिने चाललं. मधे गणपती आले तेव्हा मंडळाचे खजिनदार सदाकाका तिच्या दारात उभे. "कुंदा, बाप्पा आले गो. खुर्ची दी आता."

"काका, बाप्पा पाटावर बसतो. त्याला कशाला हवी?"

"बाप्पाक नको, पण माका होयी ना. आरतीक उभो रवान पाय मोडतत माझे." हसले ते, आणि खुर्ची न घेताच गेले. पुढे मंडळाने आपल्या सामानातून ती खुर्ची तिला कायमची देऊन टाकली. भर उत्सवात सदाकाकांनी तसं जाहीर केलं, तेव्हा टाळ्या पडल्या. विमानतळावर न वाजलेली ढोलकी त्या दिवशी वाजली.

मलाच अधूनमधून वाटायचं की पुरे आता. लग्नाचं वय चाललंय, धावण्याचं तर त्याहून भरभर. तसं मी बोललेही. तिने तिचा तो भयंकर चहा, साखर जास्त आणि पत्ती नावाला, माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "हे बघ, शर्यतीत मला कोणी मागे टाकलं तर मी समजू शकते. दिसतं ना ते, पाठ दिसते पुढच्याची. पण ह्यांनी मला बंद खोलीत हरवलंय. तिथे मी नव्हतेच. जिथे मी नव्हते तिथली हार मी कशी मानू?" मी चहा प्यायले.

शेवटी संघटनेतले एक वयस्कर पैलवान, पूर्वी कुस्ती गाजवलेले, वैतागून म्हणाले, "अहो, ती आपली खुर्ची घेऊन आलीय, तुमची मागत नाही. ऐका तरी काय म्हणते!" आणि सभा पहिल्यांदाच चालू राहिली. कुंदाने भाषण केलं नाही. धारप सर तिथेच होते, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. ती त्यांच्याकडे वळून म्हणाली, "सर, मला काय दिलं आणि कुणी दिलं, एवढं सगळ्यांसमोर सांगा. तुम्हाला शिक्षा व्हावी असं मला वाटत नाही. पण हे तुमच्या तोंडून यायला हवं." सर टेबलाकडे बघत म्हणाले, "मी दिलं. सर्दीचं औषध म्हणून दिलं. बाटलीवर काय लिहिलंय ते मी वाचलं नाही. पोरीने विचारलंसुद्धा नाही, कारण तिचा माझ्यावर विश्वास होता." सर मनाने वाईट नव्हते हो, पण इतके दिवस गप्प राहिले, हेही तेवढंच खरं. चांगली माणसं गप्प बसली की वाईटांना फार काही करावंच लागत नाही.

मग संघटनेने परदेशी कळवलं. तिकडून जे उत्तर आलं ते मी आजही रागाशिवाय आठवू शकत नाही. खेळाडूच्या अंगात जे सापडेल त्याला खेळाडूच जबाबदार. खेळाडूने थेट दाद मागायची सोय नाही, ती देशाच्या संघटनेमार्फतच मागावी, आणि तीही मुदतीत. मुदत कधीच टळून गेली होती. आमच्या संघटनेने ती मुदत सभा तहकूब करण्यात घालवली होती! म्हणजे दोन चमचे औषध पाजणारा सुटला, सभा बुडवणारे सुटले, बंद दाराआड शिक्षा ठरवणारे तर कुणाला जाब देणारेच नव्हते. उरली कुंदा. ती शांतपणे म्हणाली, "विमानात खुर्ची नेऊ देतात का गं?"

पदक परत मिळालं नाही. आमच्या संघटनेने तिचा दोष नव्हता असं मान्य केलं, पण खेळाडूला ऐकून घेतल्याशिवाय निर्णय नाही, हा तिने सुचवलेला नियम मात्र 'विचाराधीन' ठेवला. अजून आहे. बंदी संपेपर्यंत पायातली धार गेली होती. तेव्हा ती मैदानावर मुलींना शिकवायला लागली, आणि तो नियम तिने मैदानावरच्या आमच्या क्लबात स्वतःच सुरू केला. संघनिवडीच्या दिवशी निवड करणारे आम्ही सगळे सतरंजीवर बसायचं. जिचं नाव वगळायचं ती समोर खुर्चीवर. तिच्या तोंडावर कारण सांगायचं आणि ती विचारेल त्याला उत्तर द्यायचं. हे किती कठीण आहे ते करून बघा. यादीतून नाव खोडणं सोपं असतं, पण समोर बसलेल्या पोरीला, जिने वर्षभर पहाटे मैदान तुडवलंय तिला, नाही म्हणायचं म्हणजे घशाला कोरड पडते. कितीदा मी म्हटलं, "कुंदा, मला नाही जमत गं." "मग नाव खोडायलाही जमू नये," ती म्हणायची.

एकदा वैशाली नावाची मुलगी खुर्चीवर होती. कारण ऐकून झाल्यावर ती फाडकन म्हणाली, "बाई, मागच्या वर्षी माझा पाय दुखत होता, मी सांगितलं होतं. तरी तुम्ही मला पळवलंत. म्हणून मी मागे पडले." कुंदा उठली. "ऊठ. तू खाली बस, मला वर बसू दे." आणि स्वतः त्या खुर्चीवर बसून म्हणाली, "आता पुन्हा विचार." वैशालीने पुन्हा विचारलं. कुंदा म्हणाली, "तू सांगितलं होतंस. मला तो संघ जिंकायला हवा होता. चूक माझी." मग पुढे म्हणाली, "पण आजची निवड आजच्या धावण्यावरच होईल. तुझं नाव या वेळी नाही." वैशाली ढसाढसा रडली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सगळ्यांच्या आधी मैदानावर हजर झाली. आता ती क्लबची पहिल्या नंबरची धावपटू आहे.

कुंदा गेली त्याच आठवड्यातला तो रविवार. निवड पुढे ढकलू, असं सगळ्यांचं मत पडलं आणि मैदानावर शोकसभा ठेवली. मी पोचले तेव्हा कुणीतरी तीच खुर्ची मधोमध उघडून तिच्यावर कुंदाचा फोटो ठेवला होता, हार घातला होता, उदबत्ती लावली होती. सगळे हात जोडून उभे. वैशाली आली, तिने नमस्कार केला, आणि मग दोन्ही हातांनी तो फोटो उचलून माझ्या हातात दिला.

"अगं, हे काय?" मी म्हटलं.

"नीलाताई, बाईंनी खुर्ची बाहेर काढा म्हणून सांगितलं होतं, तुम्हीच म्हणालात ना? निवडीसाठी सांगितलं होतं. मुली आल्यात, सतरंजी घालू?"

काही मंडळी कुजबुजली. मी फोटोकडे पाहिलं, त्यात ती डोळे बारीक करून उन्हात हसतेय. फोटो मी मैदानाच्या कडेच्या आंब्याच्या बुंध्याशी टेकवून ठेवला, हारासकट. सतरंजी घातली. मुली धावल्या, वेळा नोंदल्या गेल्या, आणि एक नाव वगळायचं ठरलं. कांजूरची सुजाता, या वर्षीच आलेली, सगळ्यांत लहान. कुंदा नाही म्हणजे कुणीतरी दुसऱ्याने बोलायला हवं होतं, आणि सगळे माझ्याकडे बघत होते.

सुजाता येऊन खुर्चीवर बसली. पाय जमिनीला जेमतेम टेकत होते. तिने एकदा आंब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"माझं नाव का नाही, ते सांगा ना ताई."

तिच्या डोळ्यांत डोळे घालून, खालून वर बघत, मी तिला कारण सांगायला लागले.